बिनसिंहाचे पिस्तूल

सक्करदरा, नागपूर
कोजागिरीनंतरचा मंगळवार

ती. चंपतरावमामांच्या पायांशी भाचा दौलत याचा नमस्कार.

(साष्टांग लिहिणार होतो. पण कमरेमुळे गेल्या वर्षापासून साष्टांग बंद आहे, आणि जो प्रत्यक्ष घालता येत नाही तो कागदावर घालणे मला पटत नाही. जमेल तेवढे वाकून केला आहे असे समजावे.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्याची पट्टी आता निघाली असेल. त्यांना म्हणावे, इतक्यात चुलीपुढे बसू नका, धूर लागतो. संत्र्याचा आंबिया बहर यंदा बराच गळला असे कानावर आले. उरलेल्याला तरी भाव बरा मिळो. आमच्याकडे ठीक आहे. तुमची भाचेसून दामिनी ठीक आहे. माझी कंबर वर लिहिल्याप्रमाणे. फोन करायचा सोडून हे पत्र कशाला लिहितो, असे तुम्हाला वाटेल. मामा, तुम्हाला ऐकू कमी येते म्हणून तुमचा फोन स्पीकरवर असतो, आणि तुम्ही ओट्यावर बसलेले असता. मागे मी तुम्हाला माझ्या मूळव्याधीबद्दल दोन शब्द बोललो, तर त्याच आठवड्यात वरूडच्या बसच्या कंडक्टरने मला बसस्टँडवर गाठून सुरणाची भाजी खायला सांगितली. सल्ला चांगला होता. पण पुढे जे लिहितो आहे त्यावर मला कंडक्टरचा सल्ला नको आहे.

पत्राला कारण विशेष काही नाही. फार दिवसांत खुशाली नव्हती, म्हणून सहज बसलो.

तुम्हाला जितेंद्र आठवत असेल. माझ्या लग्नात पंगतीत बुंदी वाढत होता, आणि तुमच्या पानात दोनदा वाढून पुढे गेला होता, तो. शाळेपासूनचा मित्र. बुटीबोरीच्या एका कापडगिरणीत शिफ्ट इन्चार्ज होता, आता माझ्यासारखाच घरी बसला आहे. माणूस वाईट नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे लिहायला जागा सापडेल असे वाटत नाही.

आमचे जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचे एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही शाळेच्या हॉलमध्ये जमतो. कोणी कुलपे जमवतो, कोणी अडकित्ते, एक बाई नुसती उदबत्तीची घरे जमवतात. (उदबत्ती त्या लावत नाहीत. दमा आहे.) तुळशीचे लग्न झाले की आमचे वार्षिक प्रदर्शन भरते. सगळ्यांच्या वस्तू टेबलांवर, चादरी अंथरून. फक्त हॉलच्या मधोमध एक काचेची पेटी असते. तिच्या आत स्वतःचा दिवा आहे, बाहेर पितळी पाटी आहे, आणि पाटीवर ज्याची वस्तू त्याचे नाव असते. बाकीच्यांना ट्यूबलाइट. मामा, मंडळ सुरू झाले तेव्हापासून ती पेटी माझी होती. ती मी मागितली नव्हती. माझ्याकडे जे होते ते दुसऱ्या कोणाकडे नव्हते, एवढेच.

माझ्याकडचे इंग्रजी चकमकीचे पिस्तूल तुम्ही पाहिले आहे. (तुम्ही त्याच्या दारू ठासायच्या गजाने पाठ खाजवली होती. मी तो नंतर पुसून ठेवला.) चकमकीचे म्हणजे काडतूस येण्याआधीचे. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की घोडा पोलादी पत्र्यावर आपटतो, ठिणगी पडते, खालच्या वाटीतली दारू पेटते आणि तो जाळ एका बारीक भोकातून नळीत जातो. मग गोळी सुटते, किंवा सुटत नाही. पावसाळी हवेत बहुधा सुटत नसे. एवढ्यावर त्यांनी राज्य केले. पण अशी वस्तू बाळगणे हे काम नव्हे. ओळखणे हे काम आहे. नकला पुष्कळ. इंग्रजी नळीवर तपासणीचे शिक्के असतात, पण ते अनेकदा नळीच्या पोटाखाली, लाकडात दडलेले असतात आणि नळी उचलल्याशिवाय दिसत नाहीत. (माझी नळी मी कधी उचलली नाही. झोपलेल्या माणसाला उताणे करून पाहू नये, तसेच ते.) लाकूड अक्रोडाचे असावे लागते. स्क्रूच्या खाचा बारीक, हाताने पाडलेल्या. आणि घोड्यामागच्या पट्टीवर कारागिराचे नाव, किंवा कंपनी सरकारचा सिंह. माझ्या पिस्तुलावर सिंह आहे. मागच्या पायांवर उभा, पुढच्या पायांत मुकुट. मी चित्रकलेचा शिक्षक, आयुष्यभर पोरांना सिंह काढायला शिकवले. तो पाहिल्याबरोबर मी ओळखले की ही रेषा इंग्लंडची. असा आत्मविश्वास आपल्याकडच्या रेषेत नसतो, हे मी दर प्रदर्शनात लोकांना समजावून सांगत आलो. त्या सिंहाचे मोठे चित्र काढून मी पेटीच्या मागे टांगतही असे.

जितेंद्रकडे संग्रह नव्हता. त्याच्याकडे गाडी होती. मी कुठे जुने सामान पाहायला निघालो की तो गाडी काढायचा, आणि मी वस्तू तपासत असलो की मागे उभा राहून बॅटरी धरायचा. बॅटरी धरण्यात त्याला तोड नाही. हात हलत नाही, प्रकाश हवा तिथेच पडतो. इतक्या वर्षांत त्याने एकदाही विचारले नाही की मी काय पाहतो आहे. मी समजत होतो त्याला गोडी नाही. तोही पाहत होता, हे मला फार उशिरा कळले.

गेल्या शिमग्याच्या सुमारास आम्ही वर्षाचे तिखट करायला मिरची घ्यावी म्हणून कळमन्याच्या बाजारात गेलो. मिरचीच्या हंगामात कळमन्यात माणसाला डोळे नसतात, नुसते नाक असते. आम्ही भैयाजी नावाच्या अडत्याच्या गादीवर बसलो. मी शिंकत होतो. गादीवर एक शेंदराचा लांबट गोळा पडला होता, त्याला एका बाजूने दांडा होता आणि दुसऱ्या बाजूने मूठ. जितेंद्रने विचारले, “हे काय होय भैयाजी?”

“दादाजीच्या वेळचं होय. दिवाळीले शेंदूर लावतो, बाकी वर्षभर चिठ्ठ्यावर ठेवतो. आता पोरानं सगळं मोबाइलवर आणलं. चिठ्ठीच नाही तं दाबू काय? पाहिजे तं ने.”

जितेंद्रने माझ्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले, हे तुम्ही ध्यानात ठेवावे. ते पिस्तूल मला देऊ केलेले होते म्हटले तरी चालेल. मी ते हातात घेतले, डोळ्यांतून पाणी वाहत असताना उलटेसुलटे करून पट्टीची जागा शोधली, अंगठ्याने चाचपली आणि निकाल दिला. सिंह नव्हता. “नाटकातलं होय,” मी म्हटले. “रामलीलेत घेत असन.” (रामलीलेत पिस्तूल नसते हे मला पुढच्या शिंकेनंतर आठवले. पण निकाल दिलेला होता.)

“असू दे गा,” जितेंद्र म्हणाला. “मले आवडलं.”

मामा, याला काय म्हणावे? मी अक्रोड जाणतो, शिसव जाणतो, स्क्रूच्या खाचा जाणतो. याला काही येत नाही, याला फक्त आवडते. आणि मिरचीच्या पोत्यासोबत ती वस्तू त्याच्या डिकीत जाते.

पुढचे सगळे हळूहळू झाले. त्याने ते पिस्तूल आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून शंकरपाळ्यांच्या डब्यात ठेवले. मंडळातले लोक चहाला जाऊ लागले. चहा पूर्वी माझ्याकडे होत असे. तो नियमाचा माणूस म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आला, ही वस्तू घरात ठेवायला परवाना लागतो का. साहेबांनी ती पाहिली, ही काही उडायची नाही म्हणाले, आणि तिच्यासोबत फोटो काढून घेतला. मी माझे घेऊन गेलो होतो तेव्हा “बरं, ठेवा” एवढेच म्हणाले होते. फोटो कोणी काढला नव्हता. (तेव्हाही मोबाइल होते.) दामिनी एकदा त्याच्याकडे गेली आणि येऊन म्हणाली, “नाटकातलं का असंना, हातात घ्यावंसं वाटते.” माझे पिस्तूल घरात इतकी वर्षे आहे. तिला ते हातात घ्यावेसे कधी वाटले नाही. मी घेऊ दिले नसते, ही गोष्ट वेगळी. वाटायला काय हरकत होती?

आणि भाद्रपदात त्याने प्रदर्शनासाठी नाव दिले. पेटी मागितली नाही, साधे टेबल मागितले. नम्रतेचाही एक उद्दामपणा असतो.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी विळी, कात्री, माझे ब्रश, दामिनीचे शिलाई मशीन, सगळे धुऊन पुसून पुजले जाते. माझ्या पिस्तुलाला मात्र पाणी, हळद, कुंकू काहीच लागू द्यायचे नाही, फक्त एक झेंडूचे फूल, तेही वीतभर लांब, असा दंडक मी घातलेला आहे. जुन्या लोखंडावर काळाची जी कांती चढते ती एकदा घासून गेली की परत येत नाही. संग्रह करणाऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात. दामिनीला ते मान्य नाही. “देवाले पाणी चालते, तुमच्या पिस्तुलाले चालत नाही,” असे ती दरवर्षी म्हणते आणि फूल ठेवते. तर त्या सकाळी जितेंद्रचा फोन आला. धुवायचे का? “तूच तं सांगतलं होतं, पाणी लावाचं नाही म्हणून.”

मी म्हटले, “ते खऱ्याले. तुयं नाटकातलं होय. चिंच लाव, राख लाव, घास चांगलं. शस्त्र म्हणून पुजतं तं नीट पुज.”

तुम्ही म्हणाल, असा सल्ला का दिला. त्याने विचारले म्हणून दिला. विचारणाऱ्याला उत्तर द्यावे.

जितेंद्रच्या आई, रुखमाबाई, पंचपाळे घासायला बसल्या होत्या. त्यांनीच ते हातात घेतले. म्हातारीच्या मनगटात अजून जोर आहे. चिंच लावून घासताच शेंदराचे खापर सुटले. एकाखाली एक थर, नारळाच्या करवंटीसारखे तुकडे पडत गेले, आणि आतून पिस्तूल निघाले. घासले गेले ते सगळे शेंदूर होते, मामा. लोखंडाला चिंच पोचलीच नाही, कारण तेवढ्यात जितेंद्रने आईचा हात धरला. नागसेन सरांनी नंतर सांगितले की जुना शेंदूर आणि पुलांना गंज लागू नये म्हणून जो लाल रंग देतात तो, दोन्ही एकाच शिशाचे. अडत्याच्या आजापणजाने दर दिवाळीला भक्तिभावाने तेलात कालवून तोच हात फिरवला. इंग्लंडातल्या कुठल्या संग्रहात कोणी इतके जपले नसेल. आणि इथे मी एक झेंडूचे फूल लांब ठेवत बसलो होतो.

“दौलत, ये गा लवकर,” तो फोनवर ओरडत होता. “आत काही तरी चांदीचं होय! मले समजून नाही राहिलं. तू पाह्य.” मी गेलो नाही. कंबर.

पण रविवारी मंडळात गेलोच. माझे पिस्तूल सोबत नेले. शेजारी ठेवले म्हणजे फरक लोकांच्या आपोआप ध्यानात येईल, असा हेतू होता. सिंहाचे मोठे चित्रही गुंडाळी करून नेले. नागसेन सर आमच्या मंडळाचे अध्यक्ष. एका वस्तुसंग्रहालयात त्यांची नोकरी झाली आहे. ते कमी बोलतात आणि बोलण्याआधी चष्मा पुसतात. त्यांनी जितेंद्रचे पिस्तूल मऊ कापडावर ठेवले, एक बारीक खीळ हळूच ढकलून काढली आणि नळी लाकडातून उचलली. जितेंद्र बॅटरी धरून उभा होता. स्वतःच्याच पिस्तुलावर. सगळे वाकले. मीही वाकलो. नळीच्या पोटावर दोन शिक्के होते, मुकुट आणि खाली अक्षरे. अक्रोडाच्या लाकडात चांदीच्या तारेची वेल. पट्टीवर लंडनच्या एका कारागिराचे नाव, इतके लहान, की ज्याला आपल्या नावाची खात्री आहे तोच ते इतके लहान लिहील. आणि नळीच्या मागच्या टोकाला एक आकडा. दोन.

“जोडीतलं आहे,” नागसेन सर म्हणाले. “ही जोडीनं करायचे. एक नंबरचं कुठे तरी असेल. किंवा नसेल.”

सिंह नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. सर म्हणाले, नसतो. तो कंपनीच्या फौजेच्या मालावर. हे कोण्या साहेबाने स्वतः बनवून घेतलेले. आणि मग, “तुमचं आणलं आहे ना, दौलतराव? पाहू बरं.”

त्यांनी माझा सिंह बराच वेळ पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

“दौलतराव, याची जीभ बाहेर आहे.”

“हो.”

“शेपटी वर गुंडाळली आहे.”

“हो.”

“गळ्यात पट्टा आहे.”

मी भिंगातून पाहिले. पट्टा होता. मामा, इतकी वर्षे मी तो पट्टा पाहिला होता, आणि आयाळीची सावली समजून मोठ्या चित्रात इमानाने काढलाही होता. त्या चित्रात तर बक्कलही दिसते.

“ज्यानं हा कोरला,” सर म्हणाले, “त्यानं सिंह पाहिला नव्हता. पण कुत्रा त्याचा आवडता असावा. काम चांगलं आहे. आपल्याकडचं आहे.”

लोक हसले. अडकित्तेवाले सगळ्यात जास्त. उदबत्तीच्या घरांवाल्या बाईंना तर ठसका लागला. हसला नाही तो एकटा जितेंद्र. त्याने बॅटरी बंद केली. लोकांना माझा चेहरा दिसू नये म्हणून केली असणार. हॉलमध्ये ट्यूबलाइट होते, त्यामुळे उपयोग काही झाला नाही, पण मी ते पाहिले. तो हसला असता तर मला पुष्कळ बरे वाटले असते.

पेटी जितेंद्रला मिळाली. एकमताने. (मीही हात वर केला. सगळे माझ्याकडे पाहत होते.) कोणी तरी विचारले, एक नंबरचे पिस्तूल सापडले तर काय. सर म्हणाले, मग जोडी पेटीत, आणि पाटीवर एक नंबरवाल्याचे नाव आधी, दोन नंबरवाल्याचे नंतर, रीतच तशी आहे. हे त्यांनी बोलण्याच्या ओघात सांगितले. माझ्या ते सहज लक्षात राहिले आहे.

परतताना गाडीत जितेंद्र म्हणाला, “ते माझं नाही गा, आपलं होय. तू नसता तं मी कायले गेलो असतो अशा वस्तूच्या मागं? पाटीवर दोघांचंही नाव टाकू.” मी म्हटले, बिनसिंहाच्या पिस्तुलावर माझे नाव नको. तो म्हणाला, “बरं, जसं तुले वाटन,” आणि माझ्या बाजूची काच थोडी खाली केली, कारण मला वारा लागतो. इतक्या बारकाईने चांगले वागणाऱ्या माणसाशी मैत्री करू नये, मामा. अशी माणसे भांडायलासुद्धा जागा ठेवत नाहीत. घरी आल्यावर दामिनीने विचारले काय झाले. मी सांगितले. ती म्हणाली, “कुत्र्याचं तं मी पहिल्या दिवशीच म्हणणार होती. म्हटलं जाऊ द्या, खूश आहेत.”

तेव्हापासून मी विचार करतो आहे आणि आता मनाशी ठरले आहे. संग्रहाची हौस पुरे झाली. वस्तू येतात, जातात, कोणाचे नाव पाटीवर आणि कोणाचे टेबलावर, याला शेवटी काही अर्थ नाही. लोखंडाच्या तुकड्यावरून माणसाने जीव जाळू नये. पेटी जितेंद्रची असो, दिवाही त्याचाच असो. मला काही नको. हे कोणाजवळ तरी बोलावेसे वाटले, आणि आईच्या माघारी तुमच्याशिवाय मला वडीलधारे कोण आहे? बोललो, मन हलके झाले. मामींना नमस्कार. डोळा जपावा म्हणावे. गुडघ्याला तिळाचे तेल कोमट करून लावत जावे.

तुमच्या आशीर्वादाने इथे तग धरून असलेला,
दौलत

ता. क. – लिहिता लिहिता एक आठवले. तुमच्या देवघरात खालच्या फळीवर, टाकांच्या शेजारी, शेंदराचा एक लांबट गोळा आहे. लहानपणी आम्ही त्याला बंदूकबुवा म्हणायचो आणि पाया पडायचो. तुमच्या आजोबांना तो परतवाड्याच्या छावणीतल्या कोण्या साहेबाच्या लिलावात मिळाला, असे आई सांगायची. दिवाळी जवळ आली आहे. मामी सगळे घर काढतात, घासतात. बंदूकबुवाला यंदा कोणी हात लावू नये. चिंच तर मुळीच नको. महत्त्वाचे काही नाही. घराण्याचा देव आहे, जपावा, एवढेच.

दुसरा ता. क. – हात लावू नये असे लिहिले, तरी तुम्ही स्वतः एकदा लावायला हरकत नाही. मुठीकडून जिथे दांडा सुरू होतो तिथे, वरच्या अंगाला, नखाने थोडेसे खरवडून पाहावे. काही आकडा लागतो का? लागल्यास कोणाला सांगू नये. मला फोन करून “संत्री गोड आहेत” एवढेच म्हणावे. न लागल्यास “आंबट.” आणि आकडा तीन असल्यास नागसेन सरांना विचारावे लागेल, तेव्हा काहीच म्हणू नये.

तिसरा ता. क. – रविवारी आम्ही येत आहोत. “आम्ही” लिहिले, कारण गाडी जितेंद्रची आहे. एसटीने माझी कंबर वरूडपर्यंत टिकायची नाही. त्याच्या गाडीत तो माझ्यासाठी सीट मागे पाडतो आणि उशी ठेवतो. बंदूकबुवाबद्दल त्याला माहीत आहे. मीच एकदा चहा पिताना बोलून गेलो. तो लगेच म्हणाला, “मग चाल ना, मामालेही भेटून होईन.” तर आम्ही पोचल्यावर हे पत्र मिळालेच नाही असे वागावे. मामींनी त्याला ओसरीवर पाटोडीची भाजी आणि भाकर वाढावी. तो सावकाश जेवतो, आणि पुन्हा वाढू का विचारल्यावर नाही म्हणत नाही. तेवढ्या वेळात आपण दोघे देवघरात जाऊन येऊ. त्याला संशय आला तर आपण आरती म्हणू.

शेवटचा ता. क. – जितेंद्र खाली येऊन हॉर्न वाजवतो आहे. पोस्टाकडे निघाला आहे. माझ्याकडे तिकीट नव्हते, तेही त्यानेच आणून दिले. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतो. पाकीट डिंकाने चांगले चिकटवले आहे, पण नसते चिकटवले तरी चालले असते. दुसऱ्याचे पत्र तो फोडणार नाही. मी फोडले असते, हे त्याला ठाऊक आहे. तरी गावाला जाताना घराची किल्ली तो माझ्याचकडे ठेवून जातो. आता तुम्हीच सांगा मामा, अशा माणसाला हरवायचे कसे.